रेडिएटर साफ केला की पंधरा दिवस बरी, मग पुन्हा उकळते: अर्धवट सोडलेल्या प्रिफेक्टच्या हॉट रॉडचं दुखणं

गाडी एकदा तापली, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) बदलला आणि प्रश्न संपला, असं ज्यांचं झालं त्यांना यातलं काही लागणार नाही. मी लिहितोय ते वेगळ्या फेऱ्यात अडकलेल्यांसाठी. गाडी उकळते. रेडिएटर उतरवून, टाकी उघडून, नळ्यांत सळई मारून साफ करून घेतला की पंधरा-वीस दिवस झकास चालते. मग काटा हळूहळू वर सरकायला लागतो आणि एका दिवशी कुठल्यातरी चढावर पुन्हा वाफ. परत रेडिएटरवाल्याकडे, परत पंधरा दिवस. माझा हा फेरा चार वेळा झाला. सात महिने गेले आणि प्रत्येक वेळी मी चुकीचाच भाग दुरुस्त करत होतो.

आधी गाडी काय आहे ते सांगतो, कारण दुखण्याचं मूळ तिच्या इतिहासातच होतं.

गाडी १९५० ची फोर्ड प्रिफेक्ट. खानापूरकडच्या एका बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्याच्या शेडमध्ये ती उभी होती. आधीच्या मालकांनी ती हॉट रॉड, म्हणजे जुन्या बॉडीत जास्त ताकदीचं इंजिन घातलेली गाडी, करायला घेतली होती. पुढचे मडगार्ड उतरवलेले, फायरवॉल (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्रा) कापलेली, चासीवर नवे माउंटिंग वेल्ड केलेले आणि त्यावर काँटेसा गाडीचं १८१७ सीसीचं इसुझू पेट्रोल इंजिन बसवलेलं. तिथंच काम थांबलं आणि ११ वर्षं कुणी हात लावला नाही. मूळ इंजिन आणि मूळ गिअरबॉक्स कधीच भंगारात गेले होते. हे मुद्दाम सांगतो, कारण अखंड, मूळ अवस्थेतली प्रिफेक्ट मिळाली असती तर मी तिच्यावर करवत चालवली नसती. ज्या गाडीचं सगळं जागेवर आहे ती तशीच जपावी या मताचा मी आहे. इथं जपण्यासारखं उरलं होतं ते बॉडीचं कवच आणि चासी.

प्रिफेक्टचं मूळ इंजिन ११७२ सीसीचं, साइड व्हॉल्व्हचं, ताकद ३० अश्वशक्ती. त्याला वॉटर पंपच नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर चढायचं, रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली उतरायचं आणि त्या ओघावरच सगळं चालायचं. काँटेसाचं इंजिन ८८ अश्वशक्तीचं. पेट्रोलमधल्या उष्णतेचा साधारण तिसरा भाग इंजिनाच्या पाण्यात जातो, जवळपास तेवढाच धुरासोबत बाहेर पडतो आणि उरलेल्यातून चाक फिरतं. म्हणजे ताकद तिप्पट झाली की पाण्यात उतरणारी उष्णताही तिपटीच्या घरात जाते. नाक मात्र तेच, अरुंद. त्यामुळे गाडी तापली की आपण पहिला आळ रेडिएटरवर घेतो, आणि माझंही तसंच झालं.

एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी दिसली होती आणि मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. शेडचं छप्पर पुढच्या बाजूला फुटलं होतं. इंजिनावरची थर्मोस्टॅटची टोपी काढून ठेवलेली होती आणि ते तोंड आभाळाकडे उघडं होतं. खानापूरचे ११ पावसाळे.

कधी तापते, ते आधी लिहून काढा

कुठलाही पाना हातात घेण्याआधी एक वही करा. गाडी नेमकी कधी तापते, एवढंच त्यात लिहा. निम्मं निदान तिथं होतं.

उभी असताना किंवा गर्दीत तापते, पण हायवेला लागली की काटा खाली येतो, तर हवा कमी पडते आहे. फॅन, श्राऊड (फॅनभोवतीचं पत्र्याचं आवरण), रेडिएटरभोवतीच्या फटी बघा. उलट गर्दीत ठीक आणि लांब चढावर किंवा ८० च्या वेगाला तापते, तर हवेचा प्रश्न नाही. पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर तेवढी उष्णता टाकू शकत नाही. ठिणगीचं टायमिंग मागे पडलं असेल किंवा कार्बोरेटर पेट्रोल कमी देत असेल तरी असंच दिसतं. बंद केल्यावर पाच मिनिटांनी काटा चढतो आणि पुन्हा उतरतो, तो बहुतेक वेळा दोष नसतोच. पंप थांबला, लोखंड अजून गरम आहे, तेवढंच. आणि दर दोन दिवसांनी पाणी कमी होत असेल, पण खाली कुठं ओल दिसत नसेल, तर रेडिएटरची कॅप किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधली गादी).

माझ्या वहीत काय होतं? साफ केल्यावर पहिल्या आठवड्यात टिळकवाडीच्या रेल्वे गेटात दहा मिनिटं उभी राहिली तरी ८५ अंश. तिसऱ्या आठवड्यात कोल्हापूर रोडला वंटमुरीच्या चढावर १०५. आणि एकदा गोव्याहून परत येताना केरीपासून चोर्ल्याचा घाट चढताना निम्म्यावर वाफ. जाताना जांबोटी, कणकुंबीपर्यंत काही नाही, उतारावर तर गाडी थंडच. चढताना मात्र जीव जायचा. म्हणजे हवेपेक्षा पाण्याकडे बोट होतं. तरीही मी हवेमागे लागलो, कारण फॅन बदलणं सोपं वाटलं.

काट्यावर विश्वास ठेवण्याआधी

अशा जोडकामाच्या गाड्यांत काटा एका गाडीचा आणि सेंडर, म्हणजे इंजिनातलं तापमान काट्याला कळवणारा भाग, दुसऱ्या गाडीचा असतो. दोघांचा मेळ नसेल तर काटा काहीही दाखवेल. प्रिफेक्टची मूळ वायरिंग ६ व्होल्टची, आपण ती १२ वर आणतो. एखादं जुनं मीटर तसंच ठेवलं तर तेही खोटं बोलतं. सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली असेल तर त्याला नीट अर्थिंग मिळत नाही.

म्हणून इन्फ्रारेडची गन घ्या. चकचकीत ॲल्युमिनियमवर किंवा पितळेवर ती गन चुकते, तेव्हा जिथं मोजायचं तिथं काळ्या रंगाचा एक ठिपका द्या आणि त्या ठिपक्यावर मोजा. मी असे सहा ठिपके दिले: थर्मोस्टॅटची टोपी, रेडिएटरची वरची आणि खालची टाकी, आणि ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य धडाच्या, कुशीत पुढे, मध्ये, मागे. शेवटचे तीन ठिपके मी फार उशिरा दिले. पहिल्या दिवशी दिले असते तर चार वेळचा खर्च वाचला असता.

हवा: यात दोष होता, पण मूळ दोष नव्हता

इलेक्ट्रिक फॅन रेडिएटरच्या मागे असेल तर त्यानं हवा ओढायला हवी, पुढे असेल तर ढकलायला हवी. वायर उलट्या जोडल्या तर मोटर उलटी फिरते आणि गाडीच्या वेगानं येणाऱ्या हवेशी तिची झुंज लागते. इंजिन चालू ठेवून वर्तमानपत्राचं एक पान ग्रीलवर धरा. पान चिकटून राहिलं पाहिजे. गळून पडलं तर फॅन कमी पडतोय किंवा उलटा आहे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फटी. प्रिफेक्टच्या उभ्या नाकात दुसऱ्या मापाचा कोअर (रेडिएटरचा नळ्या-पाकळ्यांचा गाभा) बसवला की दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरते. हवा नेहमी सोपी वाट धरते, रेडिएटरच्या पाकळ्यांतून घुसण्यापेक्षा ती बाजूच्या फटीतून निसटते. मी त्या फटी रबराच्या पट्ट्यांनी बुजवल्या आणि फॅनला पत्र्याचा श्राऊड करून घेतला. रेडिएटरचं सगळं तोंड झाकणारा, आणि फॅनची पाती निम्मी आत, निम्मी बाहेर. एवढ्यानं गर्दीतलं तापमान ६-७ अंशांनी उतरलं. काम चांगलं झालं, ते कधीतरी करायचंच होतं. पण चढावरचं दुखणं जागच्या जागी.

लोकांनी सांगितलेले उपाय

या सात महिन्यांत प्रत्येकाकडे एक उपाय होता. पहिला: "थर्मोस्टॅट काढून टाका की ओ." आपल्याकडे हा सल्ला इतका पसरलाय की कित्येक चांगल्या इंजिनांत थर्मोस्टॅटच नसतो. मी काढून बघितला. सकाळी गाडी गरमच व्हायला तयार नाही, चोक लांबपर्यंत ओढून ठेवावा लागायचा, आणि चढावर तापायची ती तापायचीच. थर्मोस्टॅट उघडल्यावर तो पाण्याला फारसं अडवत नाही. शिवाय अनेक इंजिनांत तो उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न शिवता आतल्या आत फिरत राहतो, म्हणजे उलट नुकसान. ८२ अंशांचा नवा थर्मोस्टॅट आणा, पातेल्यात पाणी तापवून त्यात दोऱ्यानं टांगून उघडतो का ते बघा, आणि बसवून टाका.

दुसरा उपाय कॅपचा, आणि यात तथ्य आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच. इथं उघड्या भांड्यातलं पाणी १०० ला नाही, ९७-९८ अंशालाच उकळतं. दाब वाढवला की उकळण्याचा अंश वर जातो. ०.९ ची, म्हणजे १३ पौंडाची कॅप असेल तर तो जवळपास २० अंशांनी चढतो. मूळ प्रिफेक्टच्या रेडिएटरमध्ये दाब धरायची सोयच नव्हती. तसली जुनी पितळी टाकी वापरत असाल तर एकदम १३ पौंड लावू नका, झाळलेले सांधे फुटतील. नवा कोअर करताना टाकीही दाबाची करून घ्या. पण एक नीट समजून घ्या: कॅपमुळे उकळणं लांबतं, गाडी थंड होत नाही. माझी गाडी नव्या कॅपवर १०५ ऐवजी ११५ ला फेसाळायला लागली. मूळ कारण तसंच राहिलं, फक्त वाफ दहा अंश उशिरा निघाली.

हवेचा बुडबुडा हाही हॉट रॉडवाल्यांचा नेहमीचा त्रास. नाक खाली घेतलं की रेडिएटरचं तोंड हेडपेक्षा खाली जातं आणि हेडमध्ये हवा अडकते. पाणी भरताना गाडीचं नाक चढावर करा, नाहीतर हेडपेक्षा उंच जागी एक छोटी भरणीची टाकी बसवा. माझ्या गाडीत दोन इंचांचा फरक होता, टाकी बसवली.

खालचा होस पाईप बघायला विसरू नका. पंप तिकडून पाणी ओढतो. पाईप मऊ झाला असेल आणि आत स्प्रिंग नसेल तर जास्त आरपीएमला तो चपटा होतो. उभ्या गाडीत कुणाला तरी ॲक्सिलरेटर द्यायला लावून डोळ्यांनी बघा, हात लांब ठेवा.

हेड गॅस्केटची शंका असेल तर इंजिन गार असताना बेल्ट काढा, पाणी काठोकाठ भरा, थर्मोस्टॅट बाहेर ठेवा आणि मिनिटभर इंजिन चालवा. सतत बुडबुडे आले तर गॅस्केट गेलं. माझ्याकडे एकही बुडबुडा नव्हता. टायमिंगही मॅन्युअलप्रमाणे होतं, व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी जागेवर होती.

म्हणजे सगळं ठीक, आणि गाडी तरी तापतेच.

"ब्लॉकचा ड्रेन प्लग काढून बघितलास काय रे?"

माझं लेथचं छोटं वर्कशॉप उद्यमबागेत आहे. शेजारच्या फाउंड्रीतून निवृत्त झालेले एक मामा संध्याकाळी येऊन बसतात. आयुष्यभर त्यांनी ओतकामाचे वाळूचे कोर बनवले. चौथ्यांदा रेडिएटर उतरवताना त्यांनी मला पाहिलं. "परत तापूलालीय?" म्हणाले. मग रेडिएटरच्या खालच्या टाकीतून निघालेला गाळ त्यांनी तळहातावर घेतला, अंगठ्यानं चोळला आणि विचारलं, "ही घाण रेडिएटरात कुठनं येऊलालीय? रेडिएटर तर पितळेचा. पितळेला असला लाल गंज येतो काय?"

त्या एका प्रश्नापाशी माझं सगळं निदान कोलमडलं. चार वेळा मी रेडिएटरमधला गंज काढला होता आणि तो आला कुठून हे एकदाही विचारलं नव्हतं. पाण्याच्या वाटेवर बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आहे ते एकाच ठिकाणी, ब्लॉकमध्ये.

मामांनी ब्लॉकचा ड्रेन प्लग काढायला सांगितला. ब्लॉकच्या कुशीत, खालच्या अंगाला तो असतो. रेडिएटर रिकामा केला म्हणजे ब्लॉक रिकामा झाला असं नाही, ब्लॉकमधलं पाणी या प्लगमधून निघतं. मी प्लग काढला. पाण्याचा थेंब नाही. वरून पाणी भरलेलं, खाली भोक उघडं, आणि काही येत नाही. सायकलच्या चाकाची तार त्यात खुपसली, दोन इंच आत गेली आणि अडकली. जोर लावून फिरवली तेव्हा चॉकलेटी चिखल बोटभर लांब बाहेर आला, मग त्यामागून पाणी.

मग ते तीन ठिपके दिले. गाडी गरम करून मोजलं तर ब्लॉकच्या पुढच्या ठिपक्यावर ९२, मधल्यावर ९९, मागच्यावर ११८. पंप पुढे असतो, पाण्याचा जोर मागे जाईतो ओसरतो, म्हणून गाळ मागच्या सिलिंडरच्या भोवती बसतो. तिथं पाणी लोखंडाला शिवतच नाही, मध्ये चिखलाचा थर. चढावर जोर लागला की तिथं वाफ धरायची आणि तीच पाण्याला बाहेर ढकलायची. शिवाय इंजिनाच्या कंपनानं आणि पाण्याच्या ओघानं त्या गाळातला थोडा थोडा भाग सुटायचा, वरच्या होसमधून रेडिएटरमध्ये जायचा आणि नळ्यांच्या तोंडाशी बसायचा. साधारण ३००-४०० किमीत नळ्या भरायच्या. पंधरा-वीस दिवसांचं ते गणित हे होतं.

गाळ मामांनी पांढऱ्या कागदावर वाळवला आणि खालून चुंबक फिरवलं. काळ्या खपल्या चुंबकामागे धावल्या, लाल पावडर जेमतेम हलली, आणि शेवटी जागेवर उरले ते राखाडी कण बोटाला कचकचत होते. वाळू. मामा म्हणाले, "ही कोरची. ब्लॉक ओतताना पाण्याच्या वाटा वाळूच्या कोरनं होतात. नंतर झटकून, तारेनं, हवेनं काढतात. कोपऱ्यात थोडी राहतेच. चालत्या इंजिनात ती गप बसते. गंज धरला की त्याच्याबरोबर सुटते."

हे काही माझ्याच इंजिनाचं दुर्दैव नाही. हॉट रॉडचा जन्म ज्या फोर्ड व्ही-८ वर झाला, १९३२ चं ते २२१ घन इंचांचं, ६५ अश्वशक्तीचं फ्लॅटहेड, त्याचीही हीच ख्याती आहे. त्यात धुराच्या वाटा ब्लॉकमधल्या पाण्यातूनच जातात, आणि जुन्या ब्लॉकांत कोरची वाळू अजून सापडते. कॅलिफोर्नियातल्या सुकलेल्या तळ्यांवर ती पोरं गाड्या पळवायची तेव्हाही गाडी तापणं हाच पहिला शत्रू होता.

साफ कसं केलं

पाण्याचा पाईप लावून खळखळून काढणं पुरत नाही, हे आधी करून झालं होतं. इंजिन बाहेर घेतलं. हेड, वॉटर पंप आणि ब्लॉकचे सगळे कोअर प्लग काढले. हे प्लग म्हणजे ब्लॉकच्या बाजूच्या गोल पत्र्याच्या वाट्या. छिन्नीनं एका काठावर ठोकून तिरप्या करायच्या आणि पक्कडीनं ओढायच्या, आत पाडू नका. दोन वाट्या गंजून कागदासारख्या झाल्या होत्या. त्या परत बसवायच्या नसतात, नव्याच घ्या.

मग सायकलच्या तारा, वेगवेगळ्या आकारात वाकवलेल्या, आणि गाड्या धुण्याचं प्रेशर वॉशर. एका भोकातून तार, दुसऱ्यातून पाणी. ब्लॉक उलटा, आडवा, उभा करत दोन दिवस हेच काम. मागच्या दोन सिलिंडरच्या भोवती खपल्या इतक्या घट्ट होत्या की तार वाकायची. एकूण घाण मी बादलीत जमवली. सुकल्यावर जवळपास सव्वा किलो भरली. ब्लॉकमधल्या पाण्याच्या जागेचा केवढा हिस्सा तिनं अडवला असेल, विचार करा.

उरलेल्या पातळ गंजासाठी लिंबूसत. १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, ब्लॉकमध्ये अर्धा तास, मग भरपूर पाणी, मग थोडा खायचा सोडा घातलेलं पाणी, मग पुन्हा साधं पाणी. हेड ॲल्युमिनियमचं असल्यामुळे ते मी या आंघोळीतून लांब ठेवलं. रेडिएटरही लांब. तीव्र ॲसिड कुणी सुचवलं तर ऐकू नका, ते गंजाबरोबर धातूही खातं.

इंजिन परत बसवताना वरच्या होसच्या रेडिएटरकडच्या तोंडात जुन्या नायलॉनच्या पायमोज्याचा तुकडा, पिशवीसारखा आत सोडून, क्लिपखाली दाबून धरला. ही हॉट रॉडवाल्यांची जुनी युक्ती आहे आणि ती सोन्यासारखी आहे. ब्लॉकमधून जे सुटेल ते मोज्यात अडकतं, नळ्यांत जात नाही. पण मोजा भरला की पाणीही अडतं. म्हणून पहिल्यांदा २५ किमीवर, मग ५० वर, मग १०० वर काढून बघायचा, आणि तोवर घाटाचं नाव काढायचं नाही.

गंज परत का येऊ नये

साफ केलं एवढ्यावर थांबलो असतो तर दोन वर्षांनी हेच लिहावं लागलं असतं. दोन गोष्टी राहिल्या होत्या.

पहिली पाण्याची. मी आजवर वर्कशॉपच्या बोअरचं पाणी भरत होतो. आमच्या घरात पातेल्याला त्या पाण्याचा पांढरा थर बसतो, तोच थर इंजिनात बसतो. आता डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, ६५ ला ३५. आपल्याकडे पाणी गोठत नाही, त्यामुळे निम्मं निम्मं करायची गरज नाही. कूलंटमधलं ग्लायकॉल पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहून नेतं. पण ३० टक्क्यांच्या खालीही जाऊ नका, कारण गंज रोखणारी औषधं त्या कूलंटमध्येच असतात.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. माझं इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलंय आणि आधीच्या मालकांनी इंजिन ते चासी अर्थपट्टा जोडलाच नव्हता. स्टार्टरचा करंट मिळेल त्या वाटेनं परत जात होता: ॲक्सिलरेटरची केबल, आणि रेडिएटरमधलं पाणी. पितळ, ॲल्युमिनियम आणि बीड एकाच पाण्यात, वर त्यातून करंट. धातू खाण्याचं काम आयतंच चालू. तपासायला मल्टिमीटर डीसीवर घ्या, काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल तार रेडिएटरच्या तोंडातून पाण्यात, धातूला न लावता. इंजिन गार असतानाच हे करा. सगळं बंद असताना बघा, दिवे आणि फॅन लावून बघा, मग कुणाला तरी सेल्फ मारायला लावून बघा. ०.१ व्होल्टच्या आत असलं पाहिजे. माझं सेल्फला ०.६ दाखवत होतं. इंजिन ते चासी आणि चासी ते बॅटरी असे दोन जाड तांब्याचे पट्टे, रंग खरडून उघड्या लोखंडावर बसवले. आता ०.०४.

जाता जाता दोन सूचना. प्रिफेक्टचे मूळ ब्रेक सळ्यांवर चालणारे आहेत. इंजिन तिप्पट ताकदीचं घालत असाल तर आधी हायड्रॉलिक ब्रेक, मग इंजिन. चोर्ल्याचा उतार बघितलेल्या माणसाला जास्त सांगायला नको. आणि कागद. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली आलेली व्हिंटेज नोंदणी चासी, बॉडी, इंजिन मोठ्या प्रमाणात बदललेल्या गाड्यांना मिळत नाही. आपण बेळगावकर एका दिवसात कोल्हापूर, चंदगड आणि गोवा करतो, तीन राज्यांचे नाके लागतात. काम सुरू करण्याआधी आरटीओत जाऊन विचारा. आधीच्या मालकांनी ते केलं नव्हतं, आणि माझी अर्धी धावपळ त्यातच गेली.

वाटेत कधी उकळलीच तर बाजूला घ्या, अर्धा-पाऊण तास कॅपला हात लावू नका. जाड फडकं टाकलं म्हणून हात वाचत नाही. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतू नका, ब्लॉकला तडा जातो. वरची टाकी हाताला सोसेल इतकी निवल्यावर कॅप उघडा, इंजिन सुरू करा आणि पाणी धारेनं, हळूहळू घाला.

इंजिन बसवून आता ११०० किमी झाले. पहिल्या २५ किमीला मोज्यात चमचाभर काळ्या खपल्या होत्या, ५० ला पाव चमचा, १०० ला चिमूटभर वाळू. गेल्या रविवारी केरीहून चोर्ल्याचा घाट दुपारी दोन वाजता चढलो, मामा शेजारी बसले होते. वर पोचल्यावर मागच्या ठिपक्यावर गन धरली: ९६. पुढच्यावर ९१. घरी येऊन गाडी गार झाल्यावर मोजा काढला. काही नव्हतं. तरी धुऊन परत बसवलाय, पावसाळा संपेपर्यंत राहू दे म्हणाले मामा.